दोन मंत्री आणि आमचा मिलिंद

१० जुलै, गुरुवार

चिमी आज माझ्याकडे बघून हसली. सूनबाई केतकी म्हणते, "आई, हसत नाहीये ती, पोटात वारा धरलाय." असू दे वारा. आजीकडे बघून तर सुटला! सहा आठवड्यांची झाली, मांड्या अशा भरल्यात की तेल लावताना हातातून निसटते. चिमी हे काही खरं नाव नव्हे. बाप आला की बारसं करायचं.

बाप म्हणजे आमचा मिलिंद. पोर आठ दिवसांची होती आणि कंपनीने याला इथून, सिंगापूरहून, तिकडे पाठवलं, बंदरावर क्रेन बसवायला. महिन्याचं काम म्हणाले. त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. आमच्या आईला घरात साप दिसला तर ती साप म्हणत नसे, जनावर म्हणायची. तसं मी तिकडे म्हणणार. तिकडे आपसातच जुंपली आहे. एका देशातली, एका बोलीतली माणसं, आणि एकमेकांच्या घरांवर तोफा डागतायत. विमानतळ जळला. आमचा मि. बंदराजवळच्या हॉटेलात अडकलाय. म्हणतो, "आई, इथे शांत आहे गं, आवाज लांबून येतात." लांबून म्हणजे किती लांबून, ते सांगत नाही.

चिमीला ओव्याची धुरी दिली तर शेजारची रोहाना धावत आली, आग लागली का बघायला. तिला आत बोलावलं, दाखवलं. चिमीच्या पायाचा अंगठा धरून बसली बराच वेळ. बाई गोड आहे.

१२ जुलै, शनिवार

पुढच्या महिन्यात इथल्या लोकांचा राष्ट्रीय दिवस. त्याची तालीम म्हणे. संध्याकाळी डोक्यावरून लढाऊ विमानं गेली, एकापाठोपाठ एक, खिडकीच्या काचा थरथरल्या. चिमी दचकून रडली. मला काय झालं कोण जाणे, तिला उराशी धरलं आणि मोरीत जाऊन बसले, दार लावून. केतकीने बाहेर काढलं. म्हणाली, "आई, अहो, खेळ आहे तो."

खाली गॅलरीत लोक फोन वर करून फोटो काढत होते. टाळ्या. शी! ज्याच्या पोटचं कुणी तिकडे आहे त्याने ऐकावा म्हणजे कळेल हा खेळ.

१३ जुलै, रविवार

कुलकर्णी नवराबायको बाळ बघायला आले. ते बँकेत मोठे साहेब आहेत. बायकोने झबलं आणलं, चांगलं आहे, पण लेसचं. तान्ह्या पोराला लेस टोचते एवढं कळू नये?

जेवायला बसले आणि साहेबांना मिलिंदवरून लढाईची आठवण झाली. ताटातच मला समजावायला लागले. चपातीचा तुकडा म्हणजे उत्तरेकडचे. पापड म्हणजे दक्षिणेकडचे. मध्ये उसळीचा रस्सा, तो समुद्र. लोणच्याची फोड म्हणजे मि. आहे ते बंदर. "काकू, जो हे बंदर घेईल तो जिंकला. तेलाचा सगळा खेळ आहे." मग म्हणाले, "काळजी कशाला करता, सिंगापूरचा पासपोर्ट आहे त्याच्याकडे. जगात एक नंबर." आणि लोणच्याची फोड तोंडात टाकली.

मी ताट तसंच सोडलं. उठून आत गेले, चिमीची दुपटी पुन्हा घडी करत बसले. घातलेलीच होती घडी.

जाताना त्यांची बायको माझा हात दाबून म्हणाली, "हे ना, बातम्या फार बघतात."

१५ जुलै, मंगळवार

केतकीबरोबर हार्बरफ्रंटला मि.च्या ऑफिसात गेले. चिमी झोळीत. मॅनेजर चांगला मुलगा आहे, वाकून नमस्कारासारखं केलं, थंड पाणी दिलं. म्हणाला, "आम्ही रोज फोन करतो त्याला. विमान नाही, विमानतळच नाही. रस्त्याने पाठवणं धोक्याचं. आता सरकारच काही करेल तर." कंपनी करत होती तोवर कंपनीचा होता, आता सरकारचा झाला.

खिडकीतून खाली धक्का दिसतो. एवढं थोरलं पांढरं जहाज उभं, आमच्या मिरजेचं अख्खं स्टेशन मावेल आत. मी केतकीला म्हटलं, "हे का पाठवत नाहीत तिकडे?" तिने सांगितलं, हे मजेचं जहाज आहे, लोक चार दिवस आत बसून खातात, नाचतात आणि परत येतात. कुठे जातात? कुठेच नाही. फिरतात फक्त.

येताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, एक चिनी म्हातारी चिमीला बघून विरघळली. उठून जागा दिली. दोघी बोललो खूप, ती तिच्या भाषेत, मी माझ्या. तेवढंच काय ते आजच्या दिवसात चांगलं.

१६ जुलै, बुधवार

आज दोन मंत्री बघितले. सकाळी भारताचे, संध्याकाळी इथले. दोघेही परदेशखात्याचे. केतकी इथल्यांचं बोलणं मराठीत सांगत होती.

भारताचे म्हणाले, चिंता वाटते. आपली माणसं आणायला जहाज पाठवतोय. ते चांगलं बोलले.

इथले म्हणाले, फार चिंता वाटते. दोन्ही बाजूंनी संयम राखावा. मित्रदेशांशी बोलतोय. आपले नागरिक तिकडे मोजकेच आहेत, त्यांनी नावं कळवावीत.

मी दोघांच्या तोंडाकडे बघत होते. चिंता मला माहीत आहे. चिंता लागली की माणसाचा भांग असा सरळ राहत नाही. नंतर दाखवलं, कुठल्याशा बैठकीत दोघं शेजारी शेजारी, हातात हात, फोटोसाठी हसले, हात सोडेनात. समोर पाण्याच्या बाटल्या, लहान लहान झेंडे, ताजी फुलं. फुलं कोण ठेवतं अशा ठिकाणी? तोफा चालल्यात आणि हे गुलाब मांडतात.

केतकी म्हणाली, "आई, असंच बोलायचं असतं त्यांना. वेडंवाकडं बोललं तर दरवाजे बंद होतात." असतील होत. ती शिकलेली आहे. मला किळस येते, मी काय करू? चौथीपर्यंतच्या बाईला एवढंच कळतं की हाक मारायची तर नाव घेऊन मारावी. मोजके म्हणजे कोण? मोजक्यांना नावं आहेत की.

तेवढ्यात चिमीने आईच्या अंगावर भरपूर ओकलं. उत्तर दिलंन पोरीने! मी इतकी हसले की के. आधी रागावली आणि मग तीही हसली.

१७ जुलै, गुरुवार

मि.चा फोन. आवाज बसलेला. भारताचं जहाज येणार कळलं म्हणून हा कालपासून आपल्या लोकांच्या रांगेत उभा होता. केरळच्या नर्सेस, बिहारचे मजूर, सगळ्यांशी ओळख झाली. आज टेबलापाशी पोचला. पासपोर्ट दाखवला. साहेब म्हणाला, "ये तो सिंगापुर का है." हा म्हणाला, मी मिरजेचा आहे, माझ्याकडे भारताचं कार्ड आहे, आयुष्यभराचं. कार्ड कुठाय? तर इथे, सिंगापूरला, कपाटात, माझ्या शालीखाली.

साहेब काही वाईट बोलला नाही म्हणे. पाणी दिलं. "पहले अपने लोग," एवढंच. तुमच्या सरकारने सांगितलं तर बघू.

आणि इथे? इथल्या सरकारकडे नाव नोंदवलं का, केतकीने विचारलं. नव्हतं नोंदवलं. का? तर म्हणतो, "अगं, आपलं जहाज येणारच होतं ना!"

तीन वर्षांमागे हा लाल पासपोर्ट आला तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. मि. म्हणाला होता, "आई, तिकडचं कार्ड पण मिळतं, म्हणजे मी दोन्हीकडचा." आम्हाला सगळ्यांना तसंच वाटलं. कुलकर्ण्यांना पण तसंच वाटतं, विचारा कुणालाही इथल्या मराठी लोकांत. मी कार्ड काढून बघितलं आज. आत लिहिलंय ते केतकीने वाचून दाखवलं. भारतात येता येतं, राहता येतं. भारताचा आहे असं कुठेच नाही.

माझं पोर तिकडे उन्हात अपने लोगांच्या रांगेतून बाहेर निघालं. मागच्या नर्सबाईने त्याला बिस्किटाचा पुडा दिला म्हणे.

१८ जुलै, शुक्रवार

के.ने इथे नाव नोंदवलं. मंत्र्यांच्या खात्यातून बाई बोलली, फार गोड आवाज. "आम्ही कळवतो." कधी, ते नाही.

चिमीने माझं बोट पकडलं, सोडेना. वरण जळलं. जळू दे.

२१ जुलै, सोमवार

इथे एक चांगली पद्धत आहे. आपल्या भागाचा खासदार आठवड्यातून एकदा संध्याकाळी बिल्डिंगखाली मोकळ्या जागेत बसतो. कुणीही जावं, नंबर घ्यावा, गाऱ्हाणं सांगावं. रोहानाने सांगितलं. तिचा सोमवारचा रोजा होता, तरी आमच्याबरोबर येऊन बसली, सुटायची वेळ झाली तेव्हा पर्समधून खजूर काढला, मलाही एक दिला.

प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा, आणि एवढे लोक. एकाला पार्किंगचा दंड माफ करून हवा. एकीला मोठा फ्लॅट हवा. एका म्हाताऱ्याला वरच्या मजल्यावरच्याचा कुत्रा नको. आमचा नंबर आल्यावर पुढ्यात एक मुलगी, कॉम्प्युटर घेऊन. विचारते, "आंटी, फ्लॅट? फाइन? स्कूल?"

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांग तिला, लढाई."

मुलगी चाचपडली. तिच्या कॉम्प्युटरात लढाईला खूण करायची जागाच नव्हती. शेवटी "इतर" वर खूण केली. इतर! तिकडे पण इतर, इथे पण इतर. पण पोरगी मनाने बरी, सगळं नीट विचारून लिहून घेतलं, डोळे पुसले एकदा.

मग खासदारसाहेब. पांढरा शर्ट. चिमीला बघून म्हणाले, "सो क्यूट! हाऊ ओल्ड?" मी सरळ मराठीतच बोलले, केतकीला म्हटलं सांगत जा. म्हटलं, साहेब, तुमचे मंत्री त्या मंत्र्यांचा हात धरून हसत होते, टीव्हीवर बघितलं. त्यांना सांगा, पुढच्या वेळी हात धराल तेव्हा तो सोडायच्या आधी एक नाव घ्या. मिलिंद. एवढंच. जहाज त्यांचं आहे, जागा आहे, माणूस तुमचा आहे.

केतकीने किती सांगितलं आणि किती गाळलं देवाला ठाऊक. साहेबांनी नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "नोटेड, आंटी. आय विल राइट टू द मिनिस्टर टुनाइट." बोलताना माझ्या डोळ्यांत बघितलं त्यांनी, तेवढं खरं. पण नोटेड! इथे माणूस बुडत असला तरी आधी नोटेड.

येताना लिफ्टमध्ये रोहाना म्हणाली, "यू स्कोल्ड एमपी, आ? गुड ला." केतकी लाल. मला विचारलं नाही कुणी, पण मला जरा बरं वाटलं.

२३ जुलै, बुधवार

फोन आला! त्या गोड आवाजाच्या बाईचा. मंत्र्यांनी मंत्र्यांशी बोलणं केलं. भारताने हो म्हटलं. दुसऱ्या देशांची माणसं पण घेणार, जागा उरली तर. मि.चं नाव पाठवलंय. त्याने आपलं आपण धक्क्यावर पोचायचं, परवा सकाळी.

म्हणजे बोलले. एका वाक्यात काम झालं. मग एवढे दिवस ते वाक्य कुठे होतं? फुलांमागे? मी असं म्हटलं तर के. रडत रडत म्हणाली, "आई, आज तरी चांगलं बोला ना." बरं. चांगलं बोलते. दोन्ही मंत्र्यांचं भलं होवो.

"जागा उरली तर" हे मात्र तिने नीट ऐकलं नाही. मी ऐकलं. मी पुन्हा विचारलं नाही.

२४ जुलै, गुरुवार

नोव्हेनाच्या दवाखान्यात चिमीला लसीची सुई. वजन झकास, डॉक्टरीण म्हणाली, "आजी छान मालिश करते वाटतं." मराठी निघाली, ठाण्याची! मी इतकी फुगले. चिमी सुईला रडली ती एकदाच, मग डॉक्टरणीच्या पेनकडे बघत बसली.

डॉक्टरणीने विचारलं, "बाबा आले नाहीत?" केतकी म्हणाली, "उद्या निघतायत." असं म्हणाली की जणू पुण्याहून बसने.

२५ जुलै, शुक्रवार

इथल्या दुपारी मि.चा मेसेज: निघालो, पाठीवर सॅक, बाकी सगळं टाकलं. चिमीला पापा.

मग काही नाही.

२६ जुलै, शनिवार

जहाज सुटलं. टीव्हीवर दाखवलं. इथले मंत्री आले, भारताचे आभार मानले, मोठं मन वगैरे. आपले लोक ज्यांनी मदत मागितली होती त्यांची व्यवस्था झाल्याचं कळतंय, म्हणाले. केतकी म्हणाली, "ऐकलंत?" ऐकलं. कळतंय, असं म्हणाले. कुणाला कळतंय, कुणाकडून?

बाईला फोन लावला. ती म्हणाली, घाईत चढवलं, तोफा जवळ आल्या होत्या, जहाज वेळेआधी हललं. आत कोण कोण आहे त्याची नावं पलीकडच्या बंदरात उतरल्यावर. आवाज तसाच गोड. तिचा दोष नाही.

कुलकर्णी आले, पेढे घेऊन! "काकू, तोंड गोड करा. डिप्लोमसी म्हणजे काय, बघितलंत?" मी पेढा हातात धरून बसले. खाववेना. हातातच वितळला, साजूक तुपाचा होता. ते म्हणाले, आता बारसं उरकून टाका पुढच्या रविवारी, हॉल मी बघतो. मी म्हटलं, "भाऊ, अजून त्याचा आवाज ऐकला नाही मी." तर बायकोकडे बघून हसले. म्हाताऱ्या माणसांना काय, असं ते हसू. मंत्री परवडले. मंत्र्यांना निदान लांब बसून बोलावं लागतं, हे माझ्या सोफ्यावर बसून बोलतात.

आज पुन्हा तालमीची विमानं. चिमी झोपेत होती, दचकली नाही. मी तिच्या दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

२७ जुलै, रविवार

श्रावण लागला. देवाजवळ दिवा लावला, मागितलं काही नाही. काय मागायचं ते त्याला माहीत आहे.

जहाज पोचलं. सकाळी कुणीतरी केतकीला चित्रफीत पाठवली, पलीकडच्या बंदरातली. शिडीवरून माणसं उतरतायत, अंगावर करड्या चादरी, एकजण पोर खांद्यावर घेऊन, नर्सबायका एकमेकींचा हात धरून. खाली साहेब लोक हात जोडून उभे. कॅमेरा लांब होता, तोंडं धड दिसत नाहीत.

केतकी ओरडली, "आई, हा! हा बघा! निळा शर्ट, काळी सॅक! पाठमोरा!" थांबवून दाखवलं, मोठं करून दाखवलं. पुन्हा लावलं. पुन्हा. मला घट्ट मिठी मारली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

मी बघितलं. उंची तीच. शर्ट तसाच. पण मिलिंद डावा पाय जरा बाहेर टाकतो चालताना, त्याचे वडील टाकत तसाच, चालायला लागला त्या दिवसापासून. हा माणूस सरळ चालतोय.

चप्पल तुटली असेल. पाय सुजले असतील एवढा वेळ उभं राहून. जहाजाच्या शिडीवर माणूस जपून पाय टाकतो, कुणीही सरळच टाकेल. असं मी माझ्याशी बोलते आहे.

केतकीने विचारलं, "तोच ना आई?"

मी म्हटलं, "तोच असेल गं."

ती आत फोनवर आहे, तिच्या आईला सांगतेय, मग मिरजेला सांगणार. खात्यातल्या बाईचा फोन अजून नाही, रविवार आहे, पण ती करेन म्हणाली आहे. चिमी जागी आहे, माझ्या मांडीवर, माझ्या लिहित्या हाताकडे बघतेय. तिचे पाय धरून बघितले मी मघाशी. डावा थोडा बाहेर वळतो.